बाजारात तुरी

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. तुरी अजून घरात आलेल्याही नाहीत आणि नवराबायकोची मात्र जुंपली आहे, असा तिचा अर्थ सांगून मी पुढल्या म्हणीकडे वळत असे. पण तुरी बाजारात असतानाच घरातले एखादे भांडण मिटूही शकते, हे शिकायला मला समुद्र ओलांडावा लागला.

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला खरे म्हणजे परदेशच्या बाजाराचे नवल वाटू नये. आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तगराचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. ज्या मुलखाचा माल दोन हजार वर्षांपूर्वी दर्यापार गेला, त्या मुलखातल्या एम्. ए. झालेल्या प्राध्यापकाला मॉरिशसमध्ये पावशेर मिरच्या मागता येऊ नयेत, ही गोष्ट थोडी लाजिरवाणीच!

तिथल्या मराठी कुटुंबांच्या बोलीची टिपणे घेण्यासाठी आम्ही उभयता सहा महिने तिकडे होतो. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. आज त्यांच्या वंशजांच्या घरी गणपती बसतो आणि गणेशचतुर्थीला सबंध देशाला सुटी असते. पण रोजच्या व्यवहाराची भाषा म्हणजे फ्रेंचच्या पोटी जन्मलेली क्रिओल. त्यामुळे माझे काम वाढले आणि सौभाग्यवतीचे बोलणे थांबले.

मी दिवसभर चार माणसांत, ती चार भिंतींत. भाजी मीच आणी, तीही मोठ्या दुकानातून. तिथे किंमत लिहिलेली, जिन्नस बांधलेला. तोंड उघडण्याचे कारणच नाही. मला ही केवढी सोय वाटे! तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती म्हणाली, “अहो, आज दिवसभरात मी एक शब्दसुद्धा बोलले नाही.” वहीतून मान वर न करता मी म्हणालो, “मग आता बोल की.” त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशीही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिला पोर्ट लुईला नेले. ज्या दगडी पायऱ्या चढून ते मजूर बेटावर आले, तो आप्रवासी घाट आम्ही पाहिला. तिथून जवळच शहराचा मोठा बाजार आहे. त्यालाही ते लोक ‘बाझार’च म्हणतात, हे ऐकून मला धीर आला. पण धीर तेवढ्यापुरताच. आत भेंडीची ‘लालो’ झालेली, कारल्याचे ‘मार्गोझ’, पालेभाजीचे ‘ब्रेद’. टोमॅटोला ‘पोमदामूर’, म्हणजे चक्क प्रेमाचे सफरचंद! कोथिंबीर तेवढी ‘कोतोमिली’ असे तमिळ वळणाचे नाव सांभाळून बसली होती. मी मिरच्यांपुढे उभा राहून मनात वाक्य जुळवले. विकणारा “कोम्ये?” म्हणजे “किती?” एवढेच म्हणाला, आणि वहीत जमवलेली सगळी भाषा माझ्या हातावर तुरी देऊन पसार झाली.

सौभाग्यवती तोवर खऱ्याखुऱ्या तुरीपाशी पोचली होती. गवती टोपी घातलेल्या एका म्हातारीपुढे हिरव्या शेंगांचा ढीग होता. हिने एक शेंग उचलली, नखाने सोलली, दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, “तूर!”

म्हातारी म्हणाली, “आंब्रेवाद.”

“तूर.”

“आंब्रेवाद.”

दोघी एकदम हसल्या. तीन आठवड्यांत हिचे हसणे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग कारले उचलले गेले, शेवग्याचा पाला उचलला गेला. प्रत्येकाची दोन दोन नावे झाली. बोटांवर भाव ठरला. हिने म्हातारीचे एक बोट हळूच मिटवलेसुद्धा. निघताना म्हातारीने पिशवीत मूठभर मिरच्या वर घातल्या. मला मागता न आलेल्या त्याच मिरच्या!

त्या रात्री तुरीच्या दाण्यांची आमटी झाली आणि उशिरापर्यंत बोलणे झाले. पुढल्या आठवड्यात ती एकटीच बसने बाजाराला गेली.

दुकानात परका माणूस परका राहूनही खरेदी करू शकतो. बाजारात त्याला विचारावे लागते आणि समोरच्याला उत्तर द्यावे लागते. आमच्या भागाला हे ठाऊक असायला हवे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. कचेरीत उर्दू, घरात मराठी, उमरग्याच्या बाजूला कानडी. बाजारात तिन्हींवाचून कोणाचे अडले नाही.

गेल्या मार्गशीर्षात धाराशिवच्या आठवडी बाजारात गेलो होतो. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाच्या कामावर आलेल्या परप्रांतीय मजुरांपैकी कोणाची तरी बायको असावी. कडेवर मूल घेऊन ती शेंगांच्या वाट्याकडे बोट दाखवीत “रहर, रहर” म्हणत होती. माळवे विकणारी बाई वैतागली होती. “काय म्हणायलीय काय की! घ्यायचं तर घे, न्हाई तर सरक बाजूला.”

मी पिशवी सांभाळीत पुढे निघालो होतो. मागे वळून पाहतो तो सौभाग्यवती तिथेच उकिडवी बसलेली. तिने शेंग सोलून त्या मुलीपुढे धरली. “तूर.”

“रहर,” ती मुलगी म्हणाली.

“मावशी, रहर म्हणायलीय ती. आपली तूरच की!”

“असं व्हय!” मावशीने वाटा तिच्या ओच्यात घातला, वर एक मूठ टाकली आणि एक शेंग पोराच्या हातात दिली.

वही माझ्या खिशातच होती. घरी आल्यावर मी ‘आंब्रेवाद’च्या खाली तिसरे नाव लिहिले.