मऊ यकृतातला कर्करोग

यकृताचा कर्करोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक रुग्ण येतो: पोटात पाणी झालेला, डोळे पिवळे पडलेला, बहुधा वर्षानुवर्षे दारू पिणारा. ते चित्र खोटे नाही. पण हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाच्या १०० पैकी २० पर्यंत रुग्णांना सिरॉसिस नसतो, आणि नेमके तेच आपल्या नजरेतून सुटतात. सिरॉसिसचा रुग्ण निदान सहा महिन्यांनी सोनोग्राफीला तरी येतो. याला यायचे कारणच नसते. यकृत भरपूर राखीव ताकद बाळगून असल्याने कावीळ होत नाही, भूक बरी असते. तो येतो तेव्हा उजव्या बरगडीखाली गाठ हाताला लागते. ताप असला तर आपण आधी अमिबाचा गळू समजतो, आणि त्यात काही आठवडे जातात.

या गटात आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा हिपॅटायटिस बी. हा विषाणू आपला डीएनए यकृतपेशीच्या जनुकसंचात घुसवतो. त्यामुळे कर्करोगासाठी सिरॉसिसच्या पायरीची वाट पाहावी लागत नाही. बीस्ली आणि सहकाऱ्यांनी तैवानमध्ये २२ हजारांवर पुरुषांचा पाठपुरावा करून १९८१ साली दाखवले की वाहकांमध्ये या कर्करोगाचा धोका दोनशे पटींहून अधिक असतो. म्हणूनच आशियाई पुरुष वाहकांना चाळिशीनंतर व स्त्रियांना पन्नाशीनंतर, सिरॉसिस असो वा नसो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी असे सांगितले जाते. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल तर त्याहून आधी.

प्रत्यक्षात काय होते? रक्तदानात, नोकरीच्या तपासणीत किंवा गरोदरपणात रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो, एसजीपीटी नॉर्मल निघते, आणि ‘तुम्ही फक्त वाहक आहात’ एवढे सांगून फाइल बंद होते. भावंडांची तपासणी तर क्वचितच. हिपॅटायटिस बीच्या लसीचा सार्वत्रिक लसीकरणात देशभर समावेश गेल्या दीड दशकातला. आज चाळिशीत असलेल्यांना तिचा लाभ मिळालेला नाही. त्यांच्यासाठी पाठपुरावा हाच उपाय आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, हेही रुग्णाला आपणच सांगायचे.

फॅटी लिव्हरचे गणित वेगळे. त्यातही सिरॉसिसविना कर्करोग होतो. पण दर दुसऱ्या सोनोग्राफीत ‘ग्रेड वन’ लिहून येत असताना सगळ्यांवर पाळत ठेवणे शक्य नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. मधुमेही, स्थूल रुग्णांत फायब्रोसिस किती पुढे गेला आहे ते फिब-४ने पाहावे. तरुणाच्या यकृतात गाठ दिसली तर जिममधल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबद्दल विचारा. त्यातून होणारा अ‍ॅडिनोमा पुढे कर्करोगात बदलू शकतो. फायब्रोलॅमेलर प्रकारही तरुणांचाच, आणि त्यात एएफपी बहुधा नॉर्मल असते. नॉर्मल एएफपीवर विसंबून गाठ निरुपद्रवी ठरवू नये.

निदानाची एक बाब रेडिओलॉजिस्ट मित्रांशीही बोलावी. सीटीतल्या धमनी-टप्प्यातील चमक व नंतरचा ‘वॉशआउट’ यांवरून बायोप्सीविना निदान करण्याची मुभा सिरॉसिसच्या रुग्णांपुरती आणि हिपॅटायटिस बी वाहकांपुरती आहे. इतरांत तेच चित्र अ‍ॅडिनोमा किंवा दुसरीकडून पसरलेली गाठही दाखवू शकते. तिथे ऊतीचा पुरावा हवा. मात्र सुई घालण्याआधी यकृताच्या शल्यचिकित्सकाला स्कॅन दाखवा. गाठ काढण्याजोगी असेल तर तो थेट शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ शकतो. उरलेले यकृत निरोगी असल्याने सिरॉसिसच्या रुग्णाला न झेपणारी मोठी शस्त्रक्रिया याला झेपते. दहा सेंटिमीटरची गाठ पाहून ‘आता काही होणार नाही’ असे नातेवाइकांना सांगणे हा या रुग्णावर अन्याय आहे.

या महिन्यात आपापल्या दवाखान्यातल्या हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णांच्या फायली काढा. चाळिशी उलटलेल्या पुरुषांची आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांची शेवटची सोनोग्राफी कधी झाली ते पाहा, आणि सहा महिने होऊन गेले असतील त्यांना फोन करा.