‘सेटिंग देऊन टाकू’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर काम करणाऱ्यांचं एक लाडकं वाक्य आहे: “ठरत नाहीये ना, मग सेटिंग देऊन टाकू.” मेमरी कधी मोकळी करायची, कनेक्शनची नोंद किती वेळ ठेवायची, यावर दोघांचं एकमत होत नाही. मग कुणीतरी हे वाक्य म्हणतं आणि मीटिंग संपते. ज्याला हवं तो बदलून घेईल! याला सगळे लवचीकपणा म्हणतात. मी याला जबाबदारी झटकणं म्हणतो. त्याची किंमत मीटिंगमध्ये नसलेला माणूस मोजतो.

लिनक्समध्ये ‘टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल’ नावाचं एक सेटिंग होतं. कनेक्शन बंद केल्यावरही सर्व्हर त्याची नोंद मिनिटभर ठेवतो. हे सेटिंग १ केलं की ती नोंद लवकर पुसली जायची. मूळ किंमत ०, म्हणजे बंद. कर्नलसोबतच्या माहितीत लिहिलं होतं की तांत्रिक तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय हे बदलू नये. पण ‘सर्व्हर फास्ट करा’ छापाच्या लेखांमधून ते १ करण्याचा सल्ला जगभर फिरला आणि लोकांनी तो कॉपी-पेस्ट केला.

गोम अशी, की ते चालू असताना सर्व्हर प्रत्येक आयपी पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवायचा. थोड्याच वेळात त्याच पत्त्यावरून त्याहून मागचा टाइमस्टॅम्प घेऊन नवी विनंती आली, की ती गुपचूप टाकून द्यायचा. पण मोबाइल नेटवर्कवर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी फोन असतात आणि प्रत्येकाचा टाइमस्टॅम्प वेगळा. समजा, आमच्या नामपूरच्या मार्केट यार्डात दोन शेतकरी एकाच साइटवर कांद्याचा भाव बघतायत. एकाचं पान उघडेल, दुसऱ्याचं नुसतं फिरत राहील. तो म्हणेल, “रेंज नाही.” वेबसाइटच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही नसेल. शेवटी २०१७ मध्ये, लिनक्स ४.१२ मध्ये, हे सेटिंगच काढून टाकलं.

“चूक चालू करणाऱ्याची” असं म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. ‘तज्ज्ञांना विचारा’ एवढंच लिहायचं आणि नेमकं काय मोडेल ते लिहायचं नाही, ही सूचना नव्हे, हात झटकणं आहे.

दुसरं उदाहरण ‘स्वॅपिनेस’चं. मूळ किंमत ६०. साठ काय? अनेकांना वाटतं, रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतं. तसं नाही. मेमरी कमी पडली की फाइलींची पानं टाकायची की प्रोग्रामची पानं स्वॅपमध्ये ढकलायची, यांच्यातलं ते तुलनेचं वजन आहे. पूर्वी ते ० ते १०० होतं, त्यामुळे टक्केवारीच वाटायचं. २०२० मध्ये लिनक्स ५.८ पासून मर्यादा २०० झाली. ज्या आकड्याला एकक नाही, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावणारच.

याउलट आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बघा. बाहेर हिरवं आणि लाल बटण. आत ओव्हरलोड रिलेची चकती, तिच्यावर अँपिअरचे आकडे, ठरावीक मर्यादेतले. मोटरच्या पाटीवरचा आकडा बघून वायरमन ती एकदा लावतो. चकती उगाच वाढवली तर मोटर जळेल आणि रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येईल, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. एकक आहे, मर्यादा आहे, चुकल्यास काय होईल ते माहीत आहे. कर्नलच्या किती सेटिंग्जबद्दल असं म्हणता येईल?

मान्य, दोन जीबीचा फोन आणि डेटा सेंटरमधलं मशीन यांना एकच आकडा चालणार नाही. पण त्यावरचा पहिला उपाय सेटिंग नाही, मोजमाप आहे. टीसीपीचा रिसीव्ह बफर लोक पूर्वी हाताने वाढवायचे. आता कर्नल कनेक्शनचा वेग बघून तो स्वतः वाढवतो, माणूस फक्त मर्यादा ठरवतो. जे मशीनला मोजता येतं, ते माणसाला विचारू नका.

आणि ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्यातलं स्वॅपिनेस तुम्ही कधी बदललंय? बहुतेक फोनमध्ये रूट केल्याशिवाय ते बदलताच येत नाही. म्हणजे बहुसंख्य लोकांसाठी सेटिंग नावाची गोष्टच नाही. त्यांच्यासाठी मूळ किंमत हाच अंतिम निर्णय. तरी डिझाइन करताना आपण नव्या सेटिंगच्या नावावर तासभर वाद घालतो आणि मूळ किंमत पाच मिनिटांत ठरवतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नवीन सेटिंग आणणाऱ्याने पाच गोष्टी लिहून द्याव्यात: एकक काय, मर्यादा काय, मूळ किंमत कशावरून ठरवली, चुकीच्या किमतीने कुणाचं काय मोडेल, आणि हे मशीनला स्वतः का मोजता येत नाही. मर्यादेबाहेरचा आकडा कर्नलने तिथल्या तिथे नाकारावा. ही पाच उत्तरं नसतील तर कोड परत पाठवावा. कारण एकदा दिलेलं सेटिंग कुणाच्या ना कुणाच्या स्क्रिप्टमध्ये जाऊन बसतं आणि मग ते काढायला वर्षं जातात. मीटिंग लांबली तर लांबू द्या. भांडून एक आकडा ठरवणं, हेच आपलं काम आहे.