गाण्यांची वेष्टने कोण जपणार?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लग्नकार्याला कर्णा लावण्याचा व्यवसाय एके काळी भरभराटीत होता. कर्णेवाल्याच्या पत्र्याच्या पेटीत ध्वनिमुद्रिका असत आणि त्यांच्यावर कागदी वेष्टने असत. आज तीच गाणी खिशातल्या मोबाइलमध्ये हजारांच्या संख्येने मावतात. गाणे लावले की पडद्यावर एक चौकोनी चित्र उमटते. पण ते बहुधा अस्पष्ट असते, किंवा भलत्याच चित्रपटाचे असते. आपल्या संग्रहातील गाण्यांसाठी मूळ वेष्टनाचे स्वच्छ चित्र शोधत बसणारा मनुष्य म्हणूनच रिकामटेकडा ठरतो. वस्तुतः तो एक सार्वजनिक काम स्वतःच्या खर्चाने करीत असतो.

वेष्टन म्हणजे केवळ शोभा नव्हे. भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. त्यानंतरची कित्येक दशके तबकडी साध्या कागदी पाकिटात मिळत असे आणि त्यावर कंपनीची जाहिरात तेवढी असे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस या चित्रकाराने वेष्टनावर चित्र आणले. १९४८ मध्ये दीर्घवादन तबकडी आली आणि बारा इंचांचा चौरस चित्रकाराच्या हाती लागला. त्याच्या मागील बाजूस कवी, संगीतकार, गायक, कित्येकदा वाद्यवृंदातील साथीदार यांची नावे आणि एखादे छोटे टिपण छापले जाई. पुढे कॅसेटने हा चौरस तळहाताएवढा केला, सीडीने तो बारा सेंटिमीटरवर आणला आणि संगणकाने तो पुसूनच टाकला.

हे पुसणे कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे. गाण्याच्या फाइलमध्येच माहिती साठवण्याची पहिली रूढ पद्धत १९९६ साली आली. तीत शीर्षक, कलाकार आणि संग्रह यांना प्रत्येकी तीस अक्षरांची जागा होती. कवी आणि संगीतकार यांच्यासाठी स्वतंत्र जागा नव्हती आणि चित्रालाही नव्हती. पुढच्या पद्धतीत ही उणीव दूर झाली. पण तोवर असंख्य गाणी निनावी होऊन पसरली होती. मराठी भावगीत हे कवी, संगीतकार आणि गायक या तिघांचे अपत्य. ‘कलाकार’ या एकाच रकान्यात गायक तेवढा उरला.

प्रश्न निव्वळ भावनेचा नाही. ध्वनिमुद्रिकेवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव, पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष दिलेच पाहिजे, असा दंडक स्वामित्व हक्क कायद्यात १९८४ साली आला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. पण हक्क सिद्ध करायचा तर नाव कोठेतरी नोंदलेले हवे. जुन्या गाण्याच्या बाबतीत ती नोंद अनेकदा वेष्टनावरच सापडते.

साहजिकच चित्र चांगले हवे म्हणजे काय, हे ठरवावे लागते. चांगले चित्र म्हणजे मागील बाजूचा बारीक मजकूरही वाचता येईल असे चित्र. टेबलावरचा सामान्य स्कॅनर बारा इंचांचे वेष्टन एका वेळी सामावून घेत नाही. ते भागाभागांनी टिपून जोडावे लागते. छपाईच्या ठिपक्यांमुळे उमटणारी जाळी टाळण्यासाठी प्रथम अधिक बारकाईने टिपून नंतर आकार कमी करावा लागतो. आणि जेथे सचित्र वेष्टन मुळात नव्हते, तेथे शोभिवंत चित्र चिकटवणे ही खोटी नोंद होय. जुन्या भावगीताच्या तबकडीचे खरे चित्र म्हणजे तिच्या मध्यभागी असलेली गोल चिठ्ठी.

हे काम एकाने केले की फळ सर्वांना मिळते. नक्कल करण्यास काहीच खर्च येत नाही. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, अशी वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. कंपनीला गाणे विकायचे असते. मागील बाजूच्या मजकुराला गिऱ्हाईक नसते. तेथे समाजाने पुढे यावे लागते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक पुस्तकाच्या प्रती देशातील चार ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. त्या कायद्यातील ‘पुस्तक’ या संज्ञेत छापील स्वरलिपीचा कागदही येतो, ध्वनिमुद्रिका मात्र येत नाही. इंटरनेट आर्काइव्ह व म्युझिकब्रेन्झ यांनी २०१२ मध्ये वेष्टन-चित्रांचे खुले भांडार सुरू केले. पण पेटीतली मराठी तबकडी तेथे आपोआप पोहोचत नाही.

येथे गावच्या ग्रंथालयांचे काम सुरू होते. आपल्याजवळ मूळ प्रत असेल, तर जतनासाठी ती संगणकीय रूपात साठवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला दिली आहे. अट मूळ प्रतीची आहे. ती रद्दीत गेली की मुभाही गेली. जिथे पुस्तकांनाच पैसा पुरत नाही तिथे वेष्टने कशाला, असा आक्षेप येईल आणि तो खोटाही नाही. परंतु येथे खरेदी करायचीच नाही. घरोघरच्या माळ्यांवरून दान मागायचे, एक कपाट द्यायचे आणि महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांना सुटीत टिपणीचे काम द्यायचे, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

बारामतीला मोरोपंतांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. त्या काळी पोथीची नक्कल करणारा शेवटी आपले नाव, शक आणि तिथी लिहीत असे. पोथी कोणाच्या हातची, हे पुढच्या वाचकाला कळले पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. यंत्राने नक्कल क्षणात होऊ लागली तेव्हा नेमकी ही रीत सुटली. गाणे टिकेल, याची आता चिंता नाही. ते कोणाचे, हे सांगणारा कागद मात्र अजून काही घरांतून शिल्लक आहे, आणि भंगारवाला दर आठवड्याला दारावरून जातो.