शब्दविचार : वर्णपट

गेल्या महिन्यांत आमच्या नातीनें आम्हांस निरुत्तर केलें. तिच्या पुस्तकांत ‘अवरक्त वर्णपट’ असा प्रयोग होता. ती म्हणाली, “आजोबा, जे किरण दिसतच नाहींत, त्यांना वर्ण कुठला?” वर्ण म्हणजे रंग व पट म्हणजे वस्त्र, असा विग्रह फळ्यावर लिहून आम्ही इतकीं वर्षें मोकळे होत आलों, ही अडचण आम्हांस कधीं सुचली नव्हती.

आक्षेप यथार्थ आहे. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें लोलकांतून पडलेल्या रंगीत पट्ट्यांत तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं तेथें, उष्णतामापक ठेविला. तों पारा चढला. पुढल्याच वर्षीं रिटर यास जांभळ्याच्या पलीकडेहि, चांदीचा क्षार काळा पाडणारे अदृश्य किरण आढळले.

तर मग ‘स्पेक्ट्रम’ हाच शब्द ठेवावा, असें कोणी म्हणेल. परंतु त्याचीहि गत तीच. न्यूटननें १६७२ सालच्या लेखांत योजिलेल्या ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ ‘दृश्य, आभास’ असा. त्याच्या धातूचा संस्कृतांतील सगोत्र ‘स्पश्’, म्हणजे पाहणें. त्यावरूनच हेरास ‘स्पश’ म्हणतात. न दिसणाऱ्यास ‘दृश्य’ म्हणण्याचा वदतोव्याघात इंग्रजीनें पत्करलाच ना ? तैल म्हणजे तिळाचें. तरी खोबऱ्याच्या तेलास कोणी हरकत घेत नाहीं. त्याच न्यायानें अदृश्य किरणांचाहि वर्णपट खुशाल म्हणावा.

शिवाय वर्ण म्हणजे अक्षर, हा दुसरा अर्थ येथें फारच चपखल बसतो. वरण उतूं जाऊन शेगडीवर सांडलें कीं निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हें गृहिणींस ठाऊक आहे. ती मिठांतील सोडियमची खूण. वर्णपटदर्शकांतून पाहिल्यास त्या पिवळ्या उजेडांत लगत लगत दोन बारीक रेषा दिसतात. त्यांची तरंगलांबी ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर. ही जोडी म्हणजे सोडियमची सहीच. सूर्याच्या वर्णपटांत त्याच जागीं काळ्या रेषा असतात. फ्राउनहोफरनें १८१४ च्या सुमारास अशा ठळक रेषांस अक्षरेंच नेमून दिलीं, त्यांत हिला ‘डी’ मिळालें. त्या अक्षरांचें खरें वाचन पुढें किर्खोफ व बुन्सेन यांनीं हायडेलबर्ग येथें केलें. १८६० सालीं झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्याच्या वर्णपटांत त्यांस दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या, आणि नवें मूलद्रव्य हातीं लागलें. त्याचें ‘सीझियम’ हें नांवहि आकाशी निळ्या रंगावरूनच.

मात्र वस्तुमानाप्रमाणें कण निवडून जो आलेख काढतात, त्यांत रंगहि नाहीं आणि प्रकाशहि नाहीं. त्यास ‘वर्णपट’ म्हणणें आम्हांस जड जातें. तेथें ‘वस्तुमानपट’ पुरे. नातीस हें पटलें. पण परीक्षेंत पुस्तकांतलाच शब्द लिहीन, असें तिनें आम्हांस बजावलें आहे.