दोन इंचांचा हिशेब

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. आवाजावरूनच सौभाग्यवतींनी ओळखले, की भाचा आला. तिशीतला मुलगा, पुण्यात चांगली नोकरी. वर्षाच्या सुरुवातीला त्याने एका कंत्राटदाराकडून महिंद्रची जुनी एमएम ५४० जीप विकत घेतली आणि तेव्हापासून त्याचे रविवार जीपखाली उताणे पडण्यात जाऊ लागले.

‘‘मामी, चला, ताम्हिणीपर्यंत चक्कर मारून आणतो,’’ तो म्हणाला. मामींचे गुडघे साठीनंतर कुरकुरायला लागलेले. दोनदा प्रयत्न झाला, तिसऱ्यांदा वॉचमनचे स्टूल आणावे लागले. वर बसल्यावर पदर सावरत त्या म्हणाल्या, ‘‘अरे, स्टूल लावून बसायचं तर हत्तीच का नाही घेतलास?’’

भाचा मनापासून हसला. म्हणाला, ‘‘मामी, अजून तीन इंच उंच करणार आहे.’’ आणि खिशातून त्याने गॅरेजचा एक कागद काढला. दोन इंच जास्त कमानीचे नवे पाटे, लांब शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, ३१ इंची टायर, मोठ्या रिम, मजुरी. बेरीज लाखाच्या पुष्कळ पुढे गेलेली. ‘‘मामा, तुम्ही बँकेत होतात. पर्सनल लोन घेऊ का?’’

मी २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कादंबऱ्या लिहायला बसलो. तरी कर्ज हा शब्द ऐकला, की आतला अधिकारी खुर्ची पुढे ओढतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कशासाठी?

‘‘ग्राउंड क्लिअरन्स, मामा. खडकाळ वाटेवर गाडीचं पोट घासतं.’’

कारण रास्त होते. मग आम्ही दोघे जीपखाली वाकलो. मी गाड्यांचा मिस्त्री नाही. पण नोकरीच्या काळात जीप, ट्रॅक्टर आणि टेम्पो यांची कर्जे इतकी दिली, की यंत्रांची तोंडओळख झाली. जुन्या जीपला पुढे आणि मागे आडवा, अखंड अ‍ॅक्सल असतो आणि त्यावर डिफरन्शियलचा फुगीर गोळा. खडकाला पहिल्यांदा लागतो तो हा गोळा. आता गंमत पाहा. पाटे उंच केले, की वर उचलली जाते ती चॅसिस आणि तिच्यावरची बॉडी. अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहतो, कारण तो चाकांना धरून असतो. त्याला वर उचलू शकतो फक्त टायर. तोही निम्माच, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे २९ इंची टायर काढून ३१ इंची घातला, तर गोळा वर जाणार एक इंच. बॉडी मात्र पाट्यांचे दोन आणि टायरचा एक मिळून तीन इंच वर जाणार.

‘‘म्हणजे लाख रुपयांत तुला हवा तिथे एक इंच मिळतो,’’ मी म्हणालो, ‘‘आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांना दिसायला.’’

त्याला राग आला. त्याचेही चूक नव्हते. मोठा टायर मडगार्डला घासू नये, स्टिअरिंग पूर्ण वळवले तरी अडकू नये, म्हणून बॉडी उचलावी लागते. खड्ड्यात उतरताना गाडीचे नाक आणि शेपूट टेकत नाही, मोठे चाक दगडावरून सहज चढते, हे फायदे खरे आहेत. गोव्यात २०१४ साली भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा झाली. अशा स्पर्धांतल्या गाड्या मी चित्रफितींत पाहिल्या आहेत. पुरुषभर चिखलातून त्या बाहेर येतात तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्या गाड्यांना पिंजरा असतो, विंच असते, आणि मागच्या बाकावर मामी नसते.

प्रश्न होता तो बाकीच्या भागांचा. गाडीत एक गोष्ट बदलली, की तिच्या सगळ्या नातेवाइकांना त्याची झळ पोचते. चॅसिस वर गेली, की गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरपा होतो. आखूड जीपमध्ये तो आधीच आखूड, त्यामुळे त्याचे क्रॉस लवकर झिजतात, गाडी थरथरते. ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. स्टिअरिंगचे रॉड तिरके होतात आणि खड्ड्यात चाक उसळले, की गाडी आपणहून बाजूला ओढते. टायर मोठा म्हणजे जडही. इंजिन तेच, गिअर तेच, पण जणू प्रत्येक गिअर थोडा उंच झालेला. घाट चढताना क्लच जळतो. उतरताना तेच जुने ड्रम ब्रेक जड चाकाला थांबवताना धापा टाकतात. स्पीडोमीटरला या मोठ्या चाकाची खबरच नसते. तो साठ दाखवतो तेव्हा गाडी चौसष्टने पळत असते. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. जुन्या जीपची बैठक मुळात अरुंद. तिला तीन इंच वर उचलून घाटाच्या वळणावर नेणे म्हणजे डोक्यावर हंडा घेऊन धावणे.

हे सगळे मी पुस्तकी पद्धतीने सांगत नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे एक जीप होती.

१९९३ साली मी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जे सांभाळत होतो. तिथे वडापच्या जीप चालत. एस.टी. दिवसातून दोनदा, जीप दर अर्ध्या तासाला. आमच्याच कर्जावरची एक जीप मी पाहणीला गेलो होतो. मागचे पाटे मोजले, तर दोन जास्त. मालक अगदी सरळ माणूस. म्हणाला, ‘‘साहेब, माणसं बसली की गाडी बसते. म्हणून दोन पाटे वाढवले. आता कितीबी बसू द्या, गाडी दबत न्हाई.’’

त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट माणूस हप्ते वेळेवर भरतो, गाडीची काळजी घेतो, असेच वाटले. मी अहवालात ‘वाहन सुस्थितीत’ असे लिहिले आणि चहा पिऊन परतलो. आज कळते, की ओझ्याखाली दबणारी गाडी चालवणाऱ्याला सांगत असते, बाबा, आता पुरे. पाटे वाढवले, की ती सांगायची थांबते. ओझे मात्र तेवढेच राहते, किंबहुना वाढते.

दीड महिन्याने ती जीप एका वळणावर आडवी झाली. नशिबाने डोंगराच्या बाजूला. कोणी दगावले नाही. मालकाचा हात मोडला. बाजाराला निघालेल्या एका बाईचे कमरेचे हाड मोडले. पुढे वर्षभर मी तिला बँकेच्या दारावरून काठी टेकत जाताना पाहत होतो. पाट्यांमुळेच गाडी उलटली असे मी म्हणत नाही. पाऊस होता, टपावर माणसे होती, वळण वाईट होते. पण माझ्या अहवालात जी ओळ असायला हवी होती ती नव्हती. त्याबद्दल मला कोणी विचारलेही नाही. न विचारलेला जाब जास्त दिवस पुरतो.

भाच्याला मी हे प्रथमच सांगितले. तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘पण मामा, मी वडाप करत नाही.’’

खरे आहे. पण रस्ता सगळ्यांचाच असतो. तीन इंच वर गेलेला दिवा समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यांत शिरतो. तीन इंच वर गेलेला बंपर छोट्या मोटारीच्या बंपरला भेटत नाही, तिच्या दाराला भेटतो. उंच बॉनेटच्या पुढ्यात उभे असलेले चार वर्षांचे पोर चालवणाऱ्याला दिसत नाही. सोसायटीच्या आवारात हे पोर आपलेच असते.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने अशा प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. आपल्याकडे हे सर्रास चालते, गॅरेजवाले उघड पाट्या लावतात, हे मला ठाऊक आहे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा तो पाट्या पाहत नाही, टायरचा आकडा पाहतो. न कळवलेल्या फेरफारावरून दावा अडला, तर हप्ते मात्र चालूच राहतात.

बँकेतल्या सवयीने मी त्याला एक टिपण लिहून दिले. डावीकडे काय मिळणार, उजवीकडे काय द्यावे लागणार. खाली एकच शिफारस : आधी आहे ती गाडी नीट तपास, आणि चिखलात जाताना टायरमधली हवा थोडी कमी करून बघ. हवा कमी केली, की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त धरतो. याला पैसा लागत नाही. परतताना डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची, एवढे पथ्य. भाच्याने टिपणाची घडी घातली आणि चहा न घेता निघून गेला. ‘‘सल्ला मागायला आलेल्या पोराला तू ताळेबंद दिलास,’’ सौभाग्यवतींनी मला सुनावले.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. गॅरेज बदलले होते. नवा मिस्त्री म्हातारा. त्याने टायरचे नावही काढले नाही, नुसती पट्टी लावून पाट्यांची कमान मोजली आणि म्हणाला, हे पाटे कधीचेच बसलेत. इतक्या वर्षांच्या ओझ्याने कमान सरळ झाली होती. मूळच्याच मापाचे नवे पाटे आणि नवे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर टाकल्यावर जीप आपोआप दीड इंच वर आली. उंची कमी नव्हती, हरवलेली होती. खर्च अंदाजाच्या चौथाईहून कमी. कर्ज लागले नाही.

३१ इंची टायरचे वेड त्याच्या डोक्यातून पुरते गेले आहे असे मला वाटत नाही. तरुण माणसाच्या डोक्यातून अशी वेडे पुरती जाऊही नयेत. पण मागच्या महिन्यात तो आला तेव्हा जीपच्या डाव्या बाजूला एक पायरी बसवलेली होती. आत दुमडणारी, बाहेरच्या कडेपुढे न येणारी.

‘‘मामींसाठी,’’ तो म्हणाला. मामी स्टुलाशिवाय वर चढल्या आणि आम्ही ताम्हिणीला निघालो. घाटात मी हळूच स्पीडोमीटरकडे पाहिले. चाळीस दाखवत होता, आणि गाडी चाळीसनेच चालली होती.