भरपगारी रजा आणि हर्णेचा समुद्र

लग्न, मयत नाहीतर आजारपण. आपल्या कामगार घरांतल्या रजेचा हिशोब बहुधा एवढ्यातच संपतो. उरलीसुरली रजा घराचे पत्रे बदलण्यात जाते. समुद्रावर फिरायला जाणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी आपली पक्की समजूत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन मित्र कुटुंबांसह दापोली तालुक्यात मुरूड-हर्णेला जाऊन आलो. त्यानिमित्ताने या समजुतीविषयी थोडे लिहितो.

आमच्यापैकी एक मित्र पालिकेच्या सफाई खात्यात आहे, दुसरा ठेकेदाराकडे वॉचमन आहे, आणि मी कारकून. पैशांसाठी घरटी महिना तीनशे रुपयांप्रमाणे दहा महिने भिशी लावली. रेल्वेने खेडला उतरलो. तिथून दापोली सुमारे तीस किलोमीटर. पुढे हर्णेपर्यंत एस.टी. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे तेवढा भार हलका झाला.

बेत तीन दिवसांचा होता. खर्च वाचावा म्हणून स्टो, पातेली, तांदूळ-डाळ बरोबर घ्यायचे ठरत होते. तेव्हा एक वहिनी स्पष्टच म्हणाल्या, "तिथे जाऊनही मला भाकऱ्याच थापायच्या असतील, तर मी घरीच बरी." बोलणे खरे होते. मग एक दिवस कमी केला आणि ते पैसे घरगुती खानावळीच्या जेवणाला लावले. दोन दिवस आमच्या बायकांनी चूल पाहिली नाही. मुरूडच्या वाळूत त्या मुलांच्या बरोबरीने धावल्या. मात्र ज्या बाईंनी आम्हाला रांधून वाढले, त्यांचा हंगाम म्हणजे आपली सुटी, हेही दिसत होते. म्हणून ताटे आम्ही पुरुषांनी घासली.

संध्याकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, आणि वाळूवर मासळीचे ढीग. बोली सुटली की पाट्या भरायच्या आणि उचलायच्या. मुले मासे पाहण्यात दंग होती. आम्हा मोठ्यांचे लक्ष पाट्यांकडे गेले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला वणंदला जायचे होते.

वणंद हे दापोलीजवळचे माता रमाईंचे गाव. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहून बाजारात पोचवीत आणि त्यावर घर चालवीत. आईवडील लहानपणीच गेले आणि ती भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. याच किनाऱ्याची वाळू त्या बापाने ओझ्याखाली तुडवली. आम्ही तिच्यावर मोकळ्या हातांनी चाललो. हा फरक मुलांना तिथे उभे राहूनच सांगितला. घरी सांगितला असता तर इतका कळला नसता.

हा फरक आपोआप पडलेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यात बारा महिने सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे विश्रांती ही मालकाने केलेली मेहेरबानी नव्हे, तो कामगाराचा हक्क आहे.

पण हा हक्क सर्वांच्या हाती पोचलेला नाही. माझी दोन दिवसांची रजा पगारी होती, सफाई खात्यातल्या मित्राचीही. वॉचमन मित्राचे मात्र दोन दिवसांचे पैसे कापले गेले. तिघेही एकाच वाळूवर बसलो होतो, पण त्याला तो समुद्र आमच्यापेक्षा महाग पडला. परत आल्यावर आम्ही तिघांनी बसून त्याची नेमणूक, हजेरी आणि पगाराच्या पावत्या यांचे कागद जुळवायला घेतले आहेत. काम चालू आहे.

बंधु-भगिनींनो, आपल्या नावावर किती रजा शिल्लक आहे, हे या आठवड्यात विचारून घ्या. ठेकेदाराकडे असाल तर हजेरीचा आणि पगाराचा प्रत्येक कागद जपून ठेवा. चार घरांनी मिळून भिशी लावा. समुद्रावर गेलात तर स्थानिक माणसे सांगतील तिथेच पाण्यात उतरा, ओहोटीला ओढ असते. पावसाळ्यात मासेमारीबंदी असते, तेव्हा लिलाव पाहायचा असेल तर थंडीत जा. आणि स्टो घरी ठेवा.

जयभीम!