‘मीने आंबा खाल्ला’ आणि शुद्धीचे पहारेकरी

घरात भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आला आहे असे कळले, की परप्रांतातल्या आपल्या मराठी मंडळींच्या त्याच्याकडून दोन अपेक्षा असतात. त्याने पाचसहा भाषा बोलून दाखवाव्यात आणि पोरांच्या मराठीतल्या चुका काढाव्यात. तो चुका न काढता नुसता कान देऊन ऐकत बसतो, म्हणून मंडळींचा विरस होतो. या वादात माझा पक्ष विद्यार्थ्याचा आहे.

दिल्लीत वाढणारे मूल ‘मीने आंबा खाल्ला’ म्हणते आणि पंगतीत हशा पिकतो. हिंदीने मराठी बाटवली, असा निकाल तत्काळ लागतो. विद्यार्थ्याला मात्र तेथे विचार दिसतो. ‘रामाने खाल्ला’, ‘त्याने खाल्ला’ हे मुलाने घरी ऐकले आहे, ‘मैंने खाया’ हे शाळेत. मग ‘मी’ आणि ‘तू’ यांनीच काय पाप केले? प्रश्न बिनतोड आहे. १२९० च्या ज्ञानेश्वरीत अशा ठिकाणी कर्त्याचे ‘म्यां’ हे निराळे रूप आहे. खेड्यांतून ‘म्या खाल्ला’ अद्यापही कानी पडते. शिष्ट मराठीने ते टाकून दिले. शिष्टांनी पाडलेली फट बुजवू पाहणाऱ्या पोराला शिष्टांनीच हसावे, हा न्याय अजब खरा!

बरे, हसणारे वडील स्वतः कसे बोलतात? ‘ती फाइल उद्या पुटअप करतो, मग साहेब सँक्शन करतील.’ याला कोणी हसत नाही, आणि हसूही नये. परक्या क्रियापदाला ‘करणे’ जोडून त्यावर मराठी काळ नि पुरुष चढवायचे, फाइलला स्त्रीलिंग द्यायचे, ऑफिसला नपुंसकलिंग द्यायचे, हा सारा कारभार कोणत्याही परिपत्रकावाचून बिनबोभाट चालतो. वडिलांच्या बाबतीत ती सोय ठरते, मुलाच्या बाबतीत भ्रष्टता!

खरी हानी होते तेथे पहारेकरी झोपलेले असतात. ‘आम्ही सिनेमाला जाणार’ म्हटले तर ऐकणारा घरी राहतो. ‘आपण जाऊ’ म्हटले तर तोही निघतो. हिंदीत दोहोंना ‘हम’ पुरतो. त्यामुळे उत्तरेकडील आपली मुले आईलाही ‘आम्ही बाजारात जाऊ या’ म्हणू लागतात. वाक्य शुद्ध वाटते, म्हणून कोणी टोकत नाही, आणि एक सुंदर भेद निमूटपणे नाहीसा होतो. हैदराबादेस बदली झालेल्यांच्या मुलांना निदान शेजारचा आधार आहे, कारण तेलुगूतही ‘मनम्’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे. हे त्या विद्यार्थ्याला चहा पिता पिता कळते. आपल्याला वर्षानुवर्षे घरात राहून कळत नाही.

वारंवार हसे झालेले मूल मराठी सुधारत नाही. ते हिंदीत उत्तर देऊ लागते, आणि पुढे आजीशीही. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले, तरी तेथील कित्येक घरांत तमिळ वळणाची मराठी आजही बोलली जाते. त्या वळणाला घरोघरी हसले गेले असते तर ती कधीच मुकी झाली असती.

‘मग काहीही चालू द्यावे काय?’ असा सवाल येईलच. निबंधात ‘मी आंबा खाल्ला’ असेच लिहवून घ्यावे. जेवणाचे पान म्हणजे परीक्षेचा पेपर नव्हे. आणि जेवताना टिपणवही काढून मावशींना ‘ते वाक्य पुन्हा म्हणा’ असे फर्मावणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र खुशाल दटावावे. तेथे मी त्याची वकिली करणार नाही.